शीर्षक एका पानावर, मजकूर दुसऱ्या पानावर : पत्रके व नोंदी छापताना घ्यावयाची दक्षता

प्रास्ताविक

या त्रैमासिकात द्रव्यगुण, निदान, पंचकर्म, भैषज्यकल्पना इत्यादी विषयांवरील लेख आपण नेहमी वाचतो. प्रस्तुत लेखाचा विषय त्यांहून निराळा आहे. पथ्यापथ्याची पत्रके, पंचकर्मापूर्वीच्या सूचना, औषधाबरोबर द्यावयाची माहितीपत्रके आणि फार्मसीतील निर्मितीच्या नोंदी आज आपल्यापैकी बहुतेक जण संगणकावर स्वतःच तयार करतात. पूर्वी हे काम मुद्रणालयातील जुळाऱ्याकडे असे. शीर्षक पानाच्या तळाशी एकटे राहू नये, परिच्छेदाची एकच ओळ पुढील पानावर जाऊ नये, ही काळजी तो न सांगता घेत असे. आता त्याचे काम आपल्याकडे आले आहे, परंतु त्याची दक्षता मात्र आपल्याकडे आली नाही.

पान कोठे तुटावे हा केवळ सौंदर्याचा प्रश्न आहे अशी आमचीही समजूत होती. ती कशी दूर झाली हे प्रथम सांगतो आणि मग उपायांकडे वळतो.

एक अनुभव

आमवाताने पीडित एक वृद्ध रुग्णा आमच्याकडे उपचारासाठी येत होत्या. लंघन, दीपन-पाचन, वालुकास्वेद आणि सिंहनाद गुग्गुळ असा क्रम ठेवला होता. पहिल्या पंधरवड्यात शोथ व जखडलेपणा दोन्ही कमी झाले. दुसऱ्या भेटीत आम्ही त्यांना पथ्यापथ्याचे छापील पत्रक दिले. तीन आठवड्यांनी त्या परत आल्या तेव्हा संधिशूल वाढलेला, जीभ साम आणि भूक मंदावलेली होती. आम्ही मात्रेचा विचार केला, औषधाच्या प्रतीचा विचार केला, ऋतूचाही केला. शेवटी आहाराविषयी विचारले.

"आजी, दही आणि उडीद बंद करायला सांगितलं होतं ना?"

"न्हाई वो डॉक्टर. तुमच्या कागदात लिवलंय, त्यापरमानंच खातीया. नातवानं वाचून दावलं मला."

त्यांनी पिशवीतून घडी केलेला कागद काढला. तो आमच्याच पत्रकाचे दुसरे पान होता. पहिले पान केसपेपरच्या फाइलमध्ये आमच्याकडेच राहिले होते. दुसऱ्या पानावर वरपासून यादी होती : दही, दूध, गूळ, मासे, उडदाचे पदार्थ, पिठाचे जड पदार्थ. या यादीच्या वर असावयास हवे ते 'अपथ्य' हे शीर्षक पहिल्या पानाच्या अगदी तळाशी, एकटे छापले गेले होते. नातवाने जे वाचले ते बिनचूक वाचले. डॉक्टरांनी खाण्याविषयी कागद दिला आहे आणि त्यात ही नावे आहेत, याचा दुसरा कोणता अर्थ त्याने घ्यावा?

सुदैवाने हानी भरून निघण्यासारखी होती. परंतु 'वर्ज्य' म्हणून दिलेली यादी केवळ पान तुटल्यामुळे 'सेव्य' होऊ शकते, हे त्या दिवशी आम्हास कळले. हीच गोष्ट वमन-विरेचनापूर्वीच्या सूचनांत किंवा विषद्रव्ययुक्त कल्पाच्या पत्रकात घडली असती तर काय झाले असते, या विचाराने त्या रात्री आम्ही संगणकापुढे बसलो.

दोषाचे कारण

फाइल उघडून पाहिली तेव्हा कारण ध्यानात आले. मूळ पत्रक तयार करताना 'अपथ्य' हे शीर्षक पहिल्या पानाच्या तळाशी येत होते, हे आम्ही पाहिलेही होते. त्यावर आम्ही केलेला उपाय म्हणजे शीर्षकाच्या आधी चार वेळा एन्टर कळ दाबणे. चार रिकाम्या ओळी पडल्या, शीर्षक पुढील पानावर गेले आणि आमचे समाधान झाले. पुढे चिकित्सालयाचा जुना दूरध्वनी क्रमांक व बदललेली वेळ या ओळी वरून काढून टाकल्या. सर्व मजकूर तेवढा वर सरकला आणि त्याबरोबर शीर्षकही पहिल्या पानाच्या तळाशी परत आले. यादी मात्र दुसऱ्या पानावरच राहिली.

येथे वैद्यास परिचित असा भेद आहे. एन्टर दाबून शीर्षक खाली ढकलणे हे लक्षणाचे तात्पुरते शमन होय. हेतू तसाच राहतो आणि निमित्त मिळताच व्याधी पुन्हा उद्भवते. हेतू असा की, 'हे शीर्षक या यादीचे आहे' ही गोष्ट आपणास ठाऊक असते, परंतु संगणकास ती कोणी सांगितलेली नसते. त्याच्या दृष्टीने शीर्षक हा एक परिच्छेद आणि यादीतील प्रत्येक नाव हा आणखी एक परिच्छेद. पान भरले की तो पुढचा परिच्छेद पुढच्या पानावर नेतो. यास्तव निदानपरिवर्जन करावयाचे तर रिकाम्या ओळींचा त्याग करून, परिच्छेदांमधील संबंध संगणकास स्पष्ट सांगितला पाहिजे. त्याची सोय वर्डप्रमाणेच लिबर ऑफिस व गूगल डॉक्स यांतही आहे. आपण ती वापरत नाही इतकेच.

चार गुण

वर्डमध्ये होम टॅबवर परिच्छेदाच्या गटाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात एक लहान बाण असतो. त्यावर दाबले की परिच्छेदाची खिडकी उघडते. तिच्यातील 'लाइन अँड पेज ब्रेक्स' या दुसऱ्या टॅबमध्ये चार चौकटी दिसतात. ज्यांच्याकडे २००७ पूर्वीची वर्ड आहे त्यांना हीच खिडकी 'फॉरमॅट' या यादीतील 'पॅराग्राफ'मध्ये सापडेल. चौकटी कोणत्याही औषधासारख्याच आहेत : प्रत्येकीचे कार्य निश्चित आहे आणि एकीचे काम दुसरी करीत नाही.

१. विडो-ऑर्फन कंट्रोल. परिच्छेदाची पहिली ओळ पानाच्या तळाशी एकटी राहिली तर तिला मुद्रणव्यवसायात 'ऑर्फन' म्हणतात, आणि शेवटची ओळ पुढील पानाच्या माथ्यावर एकटी गेली तर तिला 'विडो' म्हणतात. ही चौकट चालू असली की निदान दोन ओळी एकत्र राहतात. वर्डमध्ये ती सामान्यतः चालूच असते. परंतु तिचा प्रभाव एकाच परिच्छेदाच्या आत असतो. शीर्षक हा स्वतंत्र परिच्छेद असल्याने आणि यादीतील प्रत्येक नाव एका ओळीचा परिच्छेद असल्याने आमच्या पत्रकात तिचा काही उपयोग झाला नाही.

२. कीप विथ नेक्स्ट. 'हा परिच्छेद पुढील परिच्छेदापासून वेगळा करू नये' असा याचा अर्थ. शीर्षकासाठी हाच मुख्य उपाय होय. शीर्षकावर ही खूण केली की पुढील परिच्छेदाचा आरंभ त्याच पानावर मावत नसेल तर शीर्षकही त्याच्याबरोबर पुढील पानावर जाते. वर कितीही ओळी वाढल्या वा कमी झाल्या तरी हा संबंध तुटत नाही.

३. कीप लाइन्स टुगेदर. परिच्छेदाच्या सर्व ओळी एकाच पानावर ठेवणारा हा गुण आहे. मात्रा व अनुपान सांगणारा तीन-चार ओळींचा परिच्छेद, किंवा सावधगिरीची सूचना, यांस तो अवश्य लावावा.

४. पेज ब्रेक बिफोर. हा परिच्छेद नेहमी नव्या पानावरच सुरू व्हावा, असे सांगणारी खूण. एकाच फाइलमध्ये अनेक रोगांची पत्रके ठेवली असतील तर प्रत्येक रोगाच्या नावास ती लावावी. कंट्रोल व एन्टर या कळा एकत्र दाबूनही नवे पान घेता येते. परंतु तसा तोड मजकुराच्या मध्ये एखाद्या पाचरीसारखा राहतो. पुढे मजकूर सरकला की त्याच्या आधीचे पान अर्धे रिकामे राहते किंवा एखादीच ओळ तेवढी पानावर उरते. शीर्षकाचाच गुण म्हणून सांगितलेला तोड शीर्षकाबरोबर फिरतो.

यादी आणि श्लोक

केवळ शीर्षकास 'कीप विथ नेक्स्ट' लावल्याने शीर्षक पहिल्या नावाबरोबर राहील, इतकेच साधते. सहा नावांची अपथ्याची यादी असेल तर 'दही' शीर्षकाबरोबर आणि उरलेली पाच नावे पुढील पानावर, असे अजूनही होऊ शकते. म्हणून लहान यादी असल्यास शीर्षकापासून उपांत्य नावापर्यंत सर्वांना ही खूण करावी आणि शेवटच्या नावास करू नये. मग शीर्षक व यादी मिळून एकच गठ्ठा होतो. शेवटच्या नावासही ती लावली तर यादी पुढच्या परिच्छेदाशीही बांधली जाते व गठ्ठा विनाकारण वाढतो.

श्लोकाच्या बाबतीत थोडी निराळी युक्ती आहे. श्लोकाचे दोन अर्ध आपण सामान्यतः एन्टर दाबून दोन ओळींत लिहितो. त्यामुळे ते दोन परिच्छेद ठरतात आणि मध्ये पान तुटू शकते. त्याऐवजी पहिल्या अर्धानंतर शिफ्ट व एन्टर एकत्र दाबावे. ओळ तुटते, परिच्छेद तुटत नाही. मग त्या परिच्छेदास 'कीप लाइन्स टुगेदर' लावावे, आणि श्लोकाखाली अर्थ दिला असेल तर 'कीप विथ नेक्स्ट'ही लावावे. परिषदेत निबंध वाचणाऱ्या आणि नियतकालिकांस लेख पाठविणाऱ्या मंडळींना याचा विशेष उपयोग होईल.

रिकाम्या ओळीचा अडथळा

अनेकांची तक्रार असते की, खूण करूनही शीर्षक तळाशीच राहते. याचे नेहमीचे कारण शीर्षक आणि मजकूर यांच्यामध्ये सोडलेली रिकामी ओळ हे असते. संगणकाच्या दृष्टीने रिकामी ओळ हाही परिच्छेदच होय. शीर्षक त्या रिकाम्या परिच्छेदाशी इमानाने बांधले जाते, दोघे पानाच्या तळाशी राहतात आणि मजकूर पुढे जातो. म्हणून अंतर हवे असेल तर रिकामी ओळ न सोडता परिच्छेदाच्या त्याच खिडकीतील पहिल्या टॅबमध्ये 'स्पेसिंग आफ्टर' येथे सहा किंवा आठ पॉइंट असे अंतर द्यावे. कागदावर दिसावयास फरक नाही, परंतु शीर्षक आणि मजकूर यांच्यातील संबंध अखंड राहतो.

होम टॅबवर उलट्या 'पी'सारखे एक परिच्छेदचिन्ह असते. त्यावर दाबले की जेथे जेथे एन्टर दाबला आहे तेथे हे चिन्ह दिसू लागते. आपली जुनी पत्रके एकदा अशी उघडून पाहावीत. चिन्हांच्या रांगाच्या रांगा दिसल्या तर ती पत्रके आमच्या पत्रकासारखीच आजारी आहेत असे समजावे. याच वेळी काही ओळींच्या डाव्या समासात लहान काळे चौकोन दिसतात. त्या परिच्छेदास वर सांगितलेल्या दुसऱ्या, तिसऱ्या वा चौथ्या गुणापैकी एखादा लावलेला आहे, असा त्यांचा अर्थ.

अतियोगाचे परिणाम

उपाय चांगला असला तरी त्याचा अतियोग होऊ नये. सर्व मजकूर निवडून सरसकट 'कीप विथ नेक्स्ट' लावला तर संपूर्ण लेखाची एकच साखळी होते. साखळी पानाहून लांब झाली की ती पाळणे संगणकास शक्यच नसते; तो कोठेतरी तोडतोच आणि ती जागा आपल्या हातात राहत नाही. साखळी पानाहून थोडी लहान असली तर पानाच्या तळाशी मोठी मोकळी जागा पडते. पुष्कळ जण मग ती जागा भरण्यासाठी अक्षरे लहान-मोठी करीत बसतात. अशी अकारण मोकळी जागा दिसली की प्रथम समासातील काळे चौकोन पाहावेत. चौकोनांची लांब रांग हेच तिचे कारण असते. नको तेथील खूण काढली की मजकूर आपोआप जागेवर येतो.

एकदाच करावयाची व्यवस्था : स्टाइल

प्रत्येक शीर्षकावर जाऊन खूण करणे कंटाळवाणे आहे, आणि एखादे शीर्षक हटकून राहून जाते. यासाठी स्टाइलचा उपयोग करावा. शीर्षकास नुसते ठळक व मोठे करण्याऐवजी 'हेडिंग १' किंवा 'हेडिंग २' ही स्टाइल लावली की वर्डमध्ये 'कीप विथ नेक्स्ट' आणि 'कीप लाइन्स टुगेदर' हे दोन्ही गुण शीर्षकास आपोआप मिळतात. तिचा रंग किंवा अक्षर आवडत नसेल तर स्टाइलच्या नावावर माउसची उजवी कळ दाबून 'मॉडिफाय' निवडावे आणि हवे ते बदल तेथे एकदाच करावेत. ती स्टाइल लावलेली सर्व शीर्षके एका वेळी बदलतात. देवनागरीचा फॉन्ट बदलत नसेल तर फॉन्टच्या खिडकीतील 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स' या रकान्यात फॉन्ट निवडावा, कारण वर्ड देवनागरीची गणना त्यात करते.

लिबर ऑफिसमध्ये हेच गुण 'फॉरमॅट'मधील 'पॅराग्राफ' या खिडकीत 'टेक्स्ट फ्लो' नावाच्या टॅबमध्ये आहेत. तेथे ऑर्फन व विडो यांसाठी किती ओळी एकत्र ठेवाव्यात हा आकडाही आपण ठरवू शकतो. गूगल डॉक्समध्ये 'फॉरमॅट'मधील ओळींच्या अंतराच्या यादीत हे पर्याय दिसतात. शब्द थोडे निराळे असले तरी तत्त्व एकच आहे.

फार्मसीतील तक्ते

फार्मसीचालक बंधुभगिनींसाठी तक्त्यांचा विषय अधिक महत्त्वाचा आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ यांच्या अनुसूची 'टी'मध्ये आयुर्वेदीय औषधांच्या उत्तम निर्मितीपद्धतीच्या अटी २००० मध्ये घालण्यात आल्या. त्यानुसार प्रत्येक बॅचच्या निर्मितीची नोंद ठेवावी लागते. ही नोंद बहुधा तक्त्याच्या रूपात असते आणि तक्ता पानापेक्षा लांब होतोच.

त्रिभुवनकीर्ती रसाचे उदाहरण घेऊ. हिंगुळ, वत्सनाभ, सुंठ, मिरी, पिंपळी, टंकण व पिंपळमूळ हे घटक आणि पुढे भावनाद्रव्ये, अशा ओळी आपण करतो. घटकाच्या रकान्यात 'वत्सनाभ' असे लिहून एन्टर दाबून खाली 'गोमूत्रशोधित' असे लिहिले, आणि ती ओळ नेमकी पानाच्या शेवटी आली, तर 'वत्सनाभ' एका पानावर आणि 'गोमूत्रशोधित' पुढील पानावर जाऊ शकते. पहिले पान हातात घेऊन वजन करणाऱ्या कामगारापुढे उरतो तो केवळ 'वत्सनाभ' हा शब्द. शोधित व अशोधित यांतील अंतर किती आहे, हे या वाचकांस सांगणे नको.

यासाठी दोन उपाय आहेत. तक्त्यात कर्सर ठेवून 'टेबल प्रॉपर्टीज'मधील 'रो' या टॅबमध्ये जावे. तेथील 'अलाउ रो टु ब्रेक अक्रॉस पेजेस' ही खूण सर्व ओळींसाठी काढून टाकावी. मग कोणतीही ओळ मध्येच तुटत नाही. नंतर केवळ पहिली ओळ निवडून 'रिपीट ॲज हेडर रो' ही खूण करावी. मग 'घटकद्रव्य, शोधन, वजन, स्वाक्षरी' अशी रकान्यांची नावे प्रत्येक नव्या पानावर आपोआप येतात. तक्त्याच्या मध्ये हाताने पान तोडले असेल तर ही नावे तेथे येत नाहीत, हे ध्यानात ठेवावे. तक्ता लहान असून तो मुळीच तुटू द्यायचा नसेल तर शेवटची ओळ सोडून बाकीच्या सर्व ओळींना 'कीप विथ नेक्स्ट' लावावे. लिबर ऑफिसमध्ये हे पर्याय तक्त्याच्या 'टेक्स्ट फ्लो' टॅबमध्ये आहेत.

याच नियमांतील अनुसूची 'ई-१'मध्ये वत्सनाभ, कुचला, भल्लातक, जयपाल इत्यादी विषद्रव्ये दिलेली आहेत. त्यांचा समावेश असलेल्या औषधाच्या लेबलावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याविषयीची सूचना इंग्रजी व हिंदीत छापणे नियम १६१ अन्वये आवश्यक आहे. लेबलाचा कागद एकच असतो, परंतु त्याबरोबर आपण जे माहितीपत्रक देतो ते दोन-तीन पानी असते. तेथेही ही सूचना कल्पाच्या नावापासून व मात्रेपासून तुटणार नाही, एवढी व्यवस्था आपण स्वतःहून करावी.

संगणक बदलला की पान बदलते

आपल्या संगणकावर सर्व नीट दिसले तरी झेरॉक्सच्या दुकानात किंवा मुद्रकाकडे छापताना पाने बदललेली आढळतात. याची प्रमुख कारणे दोन. पहिले कारण फॉन्ट. आपण वापरलेला युनिकोड फॉन्ट तेथे नसेल तर संगणक दुसरा योजतो. देवनागरी फॉन्टांच्या ओळींची उंची परस्परांहून बरीच भिन्न असते, त्यामुळे एका पानात बसलेला मजकूर सव्वा पान होतो. युनिकोडपूर्व पद्धतीच्या जुन्या फॉन्टात टंकलेले असेल आणि तो फॉन्ट तेथे नसेल तर अक्षरेच वाचता येत नाहीत. दुसरे कारण कागद. ए-४ कागद २१० गुणिले २९७ मिलिमीटरचा असतो. अमेरिकी 'लेटर' आकार रुंदीला किंचित अधिक, पण उंचीला सुमारे १८ मिलिमीटर कमी. पुष्कळ फाइलींत हा 'लेटर' आकार नकळत ठरलेला असतो. म्हणून आरंभीच 'लेआउट' टॅबमध्ये कागद ए-४ आहे ना, हे पाहावे, आणि बाहेर पाठवावयाची प्रत नेहमी पीडीएफ करून पाठवावी. पीडीएफमध्ये पाने जेथे तुटली तेथेच राहतात.

रिकाम्या ओळींनी ढकललेले शीर्षक अशा प्रत्येक बदलात हलते. गुण म्हणून बांधलेले शीर्षक मात्र फॉन्ट बदलला, कागद बदलला, तरी आपल्या मजकुराबरोबरच राहते.

पोथीच्या लेखनिकापासून शिकण्यासारखे

आपले प्राचीन ग्रंथ सुट्या पानांच्या पोथ्यांत लिहिले जात. पाने विस्कटणार हे लेखनिक गृहीतच धरीत असे. म्हणून तो पानाच्या समासात ग्रंथनामाचे संक्षिप्त रूप व पत्रांक लिहीत असे. एखादे पान दुसऱ्या गठ्ठ्यात सापडले तरी ते कोणत्या ग्रंथाचे व कितवे, हे कळत असे. आपली दोन पानी पत्रकेही सुटी पानेच आहेत. टाचणी निघते, एक पान हरवते, रुग्णाचा मुलगा भ्रमणध्वनीवर एकाच पानाचे छायाचित्र घेऊन गावी पाठवितो. यास्तव प्रत्येक पानाच्या माथ्यावर किंवा तळाशी पत्रकाचे नाव आणि 'पान १, एकूण पाने २' असा मजकूर असावा. वर्डमध्ये 'इन्सर्ट' टॅबवरील पृष्ठांकाच्या यादीत एकूण पानांसह पृष्ठांक देण्याची सोय आहे. आकडे हाताने लिहू नयेत, म्हणजे पाने वाढली तरी ते आपोआप बदलतील.

आम्ही केलेले बदल

त्या प्रसंगानंतर आम्ही सर्व पत्रके नव्याने केली. रिकाम्या ओळी काढल्या, शीर्षकांना स्टाइल लावल्या, अपथ्याच्या याद्या शीर्षकाशी बांधल्या, पृष्ठांक घातले. शक्य तेथे मजकूर कमी करून पत्रक एकाच पानावर आणले. जे एका पानावर आहे ते तुटण्याचा प्रश्नच उरत नाही.

आणखी एक बदल केला. त्याचा संगणकाशी संबंध नाही, परंतु आम्हास तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पूर्वी 'अपथ्य' या शीर्षकाखाली नुसती नावे होती. आता प्रत्येक ओळ स्वतः बोलते : 'दही खाऊ नये.' 'उडदाचे पदार्थ खाऊ नयेत.' 'मासे खाऊ नयेत.' पथ्याच्या बाजूसही 'जुन्या तांदळाचा भात खावा', 'कुळथाचे कढण घ्यावे', 'गरम पाणी प्यावे' अशी पूर्ण वाक्ये घातली. छपाईस चार शब्द अधिक लागतात. परंतु कागद फाटून एकच ओळ हातात राहिली तरी तिचा अर्थ उलटा होत नाही. संगणकाची खूण शीर्षक व यादी यांना एका पानावर ठेवू शकते. ते पान रुग्णाच्या घरी पूर्ण पोहोचेल की नाही, हे तिच्या हाती नाही. ज्या सूचनेच्या चुकीने अपाय होऊ शकतो ती केवळ शीर्षकाच्या भरवशावर सोडू नये, असे आम्हास वाटते.

नवे पत्रक देताना आम्ही एक पथ्य स्वतःसाठीही पाळतो. छापून आलेली प्रत आमच्या कंपाउंडरच्या हाती देतो आणि त्यांना फक्त दुसरे पान वाचून 'यात काय सांगितले आहे?' असे विचारतो. त्यांना उत्तर देता आले तरच ते पत्रक रुग्णाकडे जाते. आमवाताचे सुधारलेले पत्रक आम्ही त्या आजींच्या नातवाकडूनच प्रथम वाचून घेतले होते. त्याने वाचून संपविल्यावर आजी इतकेच म्हणाल्या, "आता कळलं, काय खायाचं न्हाई ते." दही-उडीद सुटल्यावर पुढील महिन्याभरात त्यांच्या सांध्यांना पुन्हा आराम पडला.

वाचक वैद्यबंधुभगिनींनी व फार्मसीचालकांनी आपली पत्रके व बॅचनोंदींचे नमुने एकदा परिच्छेदचिन्हे दृश्य करून तपासावेत, एवढीच विनंती. एका सायंकाळचे हे काम आहे.

इत्यलम्.